अर्ध्या टायरातलं पाणी

मानवतच्या पुढं, पाथरी रोडला, कालव्याच्या पुलाजवळ
मोईनचाचांचं पंक्चरचं दुकान.
दुकान म्हणजे चार पत्रे, एक कंप्रेसर
आणि आडवा कापलेला ट्रॅक्टरचा टायर, पाण्यानं भरलेला.
त्यात ट्यूब बुडवायची, बुडबुडा शोधायचा.
त्याच पाण्यात एक विरोळा राहायचा.
ट्यूब आली की पलीकडच्या काठाला सरकायचा,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तसा.

मासेवाल्याच्या जाळ्यात गुरफटून आला होता,
नायलॉन कातडीत रुतलेलं.
चाचांनी ट्यूब घासायच्या ब्लेडनं एकेक दोरा तोडला.
तो चावला. चार वेळा.
"चावू दे, भाडं देतोय," म्हणाले
आणि बोटाला सोल्यूशन लावलं.

विषारी नाही, हे मी रोज दहा जणांना सांगायचो.
सात जण ऐकायचे नाहीत.
एक मास्तर तर बसलेल्या चाकाची गाडी ढकलत
पार बसस्टँडपर्यंत न्यायचे.
जिनिंगवरची पोरं मात्र
चड्डीच्या खिशातून बेडकं आणायची
आणि एकाचे दोन रुपये मागायची.

अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे चौकोन,
डोळ्याखाली काजळ फिसकटल्यागत दोन रेघा.
हातात धरला की असा वास सोडायचा
की साबण लावून लावून थकलं तरी
रात्री घास तोंडापाशी नेताना विरोळा आठवायचा.

शिवरात्र झाली आणि त्याचे डोळे दुधाळले.
खाईना. हालेना.
मरायलाय वाटतं, मी म्हणालो.
चाचा वाकले, दाढी पाण्याला लागेपर्यंत वाकले.
"मेरे जैसा हो गया रे."
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बुडबुडा ते कानानं शोधायचे.

सहाव्या दिवशी टायराच्या कडेला अख्खी कात,
डोळ्यांच्या काचांसकट.
चाचांनी ती उन्हात धरली, डोळ्याशी अगदी जवळ,
बराच वेळ.
मग म्हणाले, ह्याला कॅम्पची चिठ्ठी लागली नाही.

मे महिन्यात कालव्याची पाळी बंद.
नळ नवव्या दिवशी, टँकर आला तर आला.
चहाच्या टपरीतून कौसाबाई बोलायची,
"माणसाला हंडाभर अन् किड्याला दोन?"
हे दुकानाचं पाणी हाय, चाचा म्हणायचे
आणि विकतची घागर हळू ओतायचे,
झोपलेल्याला जाग येऊ नये अशी.

वनखात्याचे लोंढे मागचं चाक पंक्चर घेऊन आले.
"रानातला साप पाळणं गुन्हा आहे, माहितीये?"
"पाळला कुठं साहेब? दोर नाही, झाकण नाही.
राहायलाय तो."
लोंढ्यांनी पंक्चर काढून घेतलं,
परत येऊन बघतो म्हणाले.
पैसेही परत आल्यावरच देणार होते.

मग चाचांचा नंबर लागला, परभणीला. पाच दिवस.
"पाणी बदलत जा," एवढं सांगून एसटीत चढले.

दोन दिवस बदललं.
तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही.
घरी बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते
आणि दुकानात एक भरलेली घागर होती.
ती मी घरी नेली.
पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले.

त्या रात्री सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत घालून
त्याला पुलाखाली नेला.
एक डबकं उरलं होतं, हिरवं, म्हशीच्या पाठीएवढं.
पिशवी उलटी केली.
पाण्यात गेला की चिखलातच थांबला, अंधारात दिसलं नाही.
बॅटरी होती खिशात.
मी ती लावली नाही.

चाचा आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
आधी टायरापाशी बसले,
तळहात पाण्यातून फिरवला, ह्या काठापासून त्या काठापर्यंत.
"गेला?"
"कालव्याला पाणी सुटलं चाचा, म्हणून सोडला."

कालवा तिथून तीस पावलांवर.
दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
त्या नव्या डोळ्यानं त्यांनी कंप्रेसर बघितला, रस्ता बघितला,
कौसाबाईची टपरी बघितली, मला बघितलं.
पुलाकडं मान वळवली नाही.
एक ट्यूब घेतली, बुडवली
आणि कान खाली नेला,
पहिल्यासारखाच.